लिनक्स सर्व्हरचं अपडेट : फुकट काय, विकत काय आणि बिलात काय मागावं

एएमसीच्या वार्षिक कोटेशनमध्ये एक ओळ हमखास असते : ‘लिनक्स सर्व्हर अपडेट व नेटवर्क देखभाल’. पुढे एक गोल रक्कम. ती रक्कम नेमकी कशाची, हे फारसं कुणी विचारत नाही. पतसंस्था असो, शाळा असो, दवाखाना असो की वीस-पंचवीस माणसांचा कारखाना, कोपऱ्यात गुणगुणणाऱ्या त्या खोक्याचा विषय निघाला की कार्यकारिणीतली माणसं गप्प होतात आणि सही करून मोकळी होतात. असं होऊ नये. लिनक्स येत नसलं तरी चालेल. बिल वाचता आलं म्हणजे पुरे.

सुरुवात स्वस्त बाजूने करू. डेबियन, उबुंटू, अल्मालिनक्स, रॉकी लिनक्स यांच्या सुरक्षा-दुरुस्त्या फुकट आहेत. त्या उतरवून घ्यायला परवाना लागत नाही. तेव्हा ‘अपडेटचे पैसे’ म्हणून जे मागितलं जातं ती असते मजुरी. मजुरी मागणं रास्तच आहे. रात्री दहानंतर बसून, बॅकअप घेऊन, अपडेट चढवून, सगळं पुन्हा सुरू होतंय ना हे बघणारा माणूस फुकट मिळू नये. पण मजुरी तासांत मोजतात. कोटेशनमध्ये तास लिहिलेले नसतील, तर ते कोटेशन परत पाठवा.

आधी मुदत बघा

फुकट दुरुस्त्यांना मुदत असते, आणि खर्चाचा खरा घोळ इथेच होतो. उबुंटूच्या एलटीएस (दीर्घ मुदतीच्या) आवृत्तीला नेहमीची पाच वर्षं मिळतात. १८.०४ ची मुदत मे २०२३ मध्ये संपली, २०.०४ ची मे २०२५ मध्ये. २४.०४ ला २०२९ पर्यंत काळजी नाही. डेबियनला तीन वर्षं पूर्ण आणि पुढे दोन वर्षं एलटीएस गटाची, अशी पाच मिळतात. डेबियन १३ हे ऑगस्ट २०२५ मध्ये आलं. अल्मालिनक्स आणि रॉकी यांची ९ वी आवृत्ती २०३२ पर्यंत चालेल.

आणि सेंटओएस. महाराष्ट्रातल्या किती संस्थांचे सर्व्हर त्याच्यावर उभे राहिले हे मोजायला नको. होस्टिंगवाला जे देई ते सेंटओएसच असे. सेंटओएस ८ ची मुदत २०२९ पर्यंत सांगितली होती, ती डिसेंबर २०२० मध्ये अचानक आखडून ३१ डिसेंबर २०२१ वर आणली गेली. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली. तुमचा सर्व्हर अजून सेंटओएस ७ वर असेल, तर त्याच्या मूळ भांडारातून तेव्हापासून एकही नवी दुरुस्ती आलेली नाही. अशा सर्व्हरवर ‘मासिक अपडेट’ म्हणून बिल लागत असेल तर विचारा, की नक्की काय अपडेट केलं?

एका दुरुस्तीचा प्रवास

उदाहरण घेऊ ओपनएसएसएचचं. दूर बसून सर्व्हरमध्ये शिरायचा हा मुख्य दरवाजा. १ जुलै २०२४ ला क्वालिस या सुरक्षा कंपनीने त्यातली एक चूक जाहीर केली. या चुकीचं नाव ‘रिग्रेशन’ या शब्दात एसएसएच गुंफून ठेवलं गेलं, कारण ही चूक २००६ मध्ये एकदा दुरुस्त झाली होती आणि २०२० मधल्या एका बदलात तिची दुरुस्तीच नकळत पुसली गेली. पासवर्ड न देता सर्व्हरचा पूर्ण ताबा मिळू शकेल, अशी ही चूक. क्वालिसच्या प्रयोगात ३२ बिटच्या यंत्रावर सरासरी दहा हजार प्रयत्न आणि सहा ते आठ तास लागले. दुरुस्ती ९.८ पी१ या आवृत्तीत आली आणि उबुंटू, डेबियन, रेड हॅट यांनी ती आपापल्या जुन्या आवृत्त्यांतही उतरवली.

ग्राहकाची फसगत होते ती याच ‘उतरवली’मध्ये. उबुंटू २२.०४ वर दुरुस्तीनंतरही ओपनएसएसएचचा आकडा ८.९ पी१ असाच दिसतो. फक्त शेपटीला ‘३उबुंटू०.१०’ असं लागतं. डेबियन १२ वर ९.२ पी१ आणि शेपटीला ‘डेब१२यू३’. म्हणजे आकडा जुना, पण भोक बुजवलेलं. आता कुणी स्वस्तातलं स्कॅनर चालवतो, ते पुढचा आकडा बघून लाल अक्षरांत ‘धोका’ छापतं, आणि त्या कागदावर तुमच्या गळ्यात नवा सर्व्हर मारला जातो. असा अहवाल हातात पडला तर एकच प्रश्न विचारा : ‘वितरकाच्या सुरक्षा-सूचनेत या पॅकेजची कुठली शेपूट दुरुस्त म्हणून दिली आहे, आणि आपल्याकडे कुठली आहे?’ दोन्ही गोष्टी पाच मिनिटांत सापडतात. सापडत नाहीत म्हणणाऱ्याला पुढचं काम देऊ नका.

सेंटओएस ७ आणि उबुंटू २०.०४ यांना मात्र या चुकीचा उपद्रवच नव्हता, कारण त्यांच्यातलं ओपनएसएसएच चूक परत शिरण्याआधीचं होतं. ‘जुनं ते सुरक्षित’ असं म्हणणाऱ्यांच्या हाती त्यामुळे आयतं कोलीत मिळालं. त्यात तथ्य नाही. एका चुकीतून सुटका झाली म्हणजे बाकीच्यांतून होते असं नाही. जानेवारी २०२२ मध्ये उघड झालेली पोलकिटमधली चूक २००९ पासूनची होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘नीडरीस्टार्ट’मध्ये जी चूक सापडली ती दहा वर्षं तिथेच पडून होती. मुदत संपलेल्या यंत्राला त्यानंतर सापडलेली प्रत्येक चूक कायमची चिकटते.

उलट बाजूने, ताज्यातलं ताजं चढवा असंही माझं म्हणणं नाही. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा ठेवल्याचं उघड झालं. मायक्रोसॉफ्टमधले अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हा प्रश्न पडला आणि त्यांनी तो सोडला नाही, म्हणून ते कळलं. डेबियन आणि उबुंटूच्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत ते पोचलंच नव्हतं. संस्थेच्या सर्व्हरला मुदतीतली स्थिर आवृत्ती आणि तिच्या वेळच्या वेळी आलेल्या दुरुस्त्या पुरतात.

रीस्टार्टचे पैसे कोण देतं

अपडेट उतरलं म्हणजे लागू झालंच असं नाही. चालू असलेला प्रोग्रॅम मेमरीत जुनाच राहतो. तो बंद करून पुन्हा सुरू केला की नवा येतो. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, बदललं असेल तर अख्खं यंत्र रीस्टार्ट करावं लागतं. औषध आणून कपाटात ठेवलं आणि घेतलंच नाही, तसा हा प्रकार. उबुंटूवर लॉगिन केल्याबरोबर तीन चांदण्यांमध्ये ‘सिस्टिम रीस्टार्ट रिक्वायर्ड’ अशी ओळ येते. तंत्रज्ञाच्या खांद्यावरून एकदा तो पडदा बघा. ती ओळ कित्येक महिने तशीच असेल, तर अपडेटच्या नावाखाली तुम्ही निम्म्या कामाचे पूर्ण पैसे दिले.

‘आमचा सर्व्हर दोन वर्षांत एकदाही बंद पडला नाही’ हे वाक्य अभिमानाने सांगितलं जातं. त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा की दोन वर्षांतली एकही कर्नल-दुरुस्ती लागू झालेली नाही. रीस्टार्ट न करता कर्नल दुरुस्त करायची सोय आहे. उबुंटूमध्ये तिला लाइव्हपॅच म्हणतात, आणि ती उबुंटू प्रोमध्ये येते. पण महिन्यातून एका रात्री पंधरा मिनिटं बंद ठेवणं ज्या संस्थेला परवडतं, तिने त्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत.

नेटवर्क : इथे एका चुकीची किंमत प्रवासखर्चाएवढी

सर्व्हर डेटा सेंटरमध्ये, तंत्रज्ञ घरी. आयपी पत्ता बदलताना एक अक्षर चुकलं की जोडणी तुटते आणि मग गाडी काढून तिथे जावं लागतं किंवा डेटा सेंटरच्या माणसाला तासाचे पैसे देऊन पडद्यासमोर बसवावं लागतं. हा खर्च आता टाळता येतो. उबुंटूच्या नेटप्लॅनमध्ये ‘ट्राय’ अशी आज्ञा आहे : बदल लागू होतो, १२० सेकंद वाट बघितली जाते, आणि माणसाने पलीकडून ‘ठीक आहे’ म्हटलं नाही तर जुनी मांडणी आपोआप परत येते. नेटवर्कमॅनेजरमध्येही अशीच परतीची सोय आहे आणि कॉकपिट या ब्राउझरमधून चालणाऱ्या फुकट साधनात ती आपोआप वापरली जाते. तंत्रज्ञ ही सोय वापरतो का, हे करार करतानाच विचारून घ्या. वापरत नसेल, तर नेटवर्कच्या चुकीमुळे झालेल्या फेरीचे पैसे त्याने सोसायचे, असं लिहून घेणं अन्यायाचं नाही.

जुन्या आवृत्तीवरून नव्यावर जाताना नेटवर्कची मांडणी मात्र जवळपास नव्याने लिहावी लागते. सेंटओएस ७ मध्ये जोडणीच्या फाइली ‘आयएफसीएफजी’ पद्धतीच्या असत. अल्मालिनक्स-रॉकीच्या ९ व्या आवृत्तीत नेटवर्कमॅनेजरची स्वतःची कीफाइल पद्धत रूढ झाली, आणि हे सगळे ज्यावर बेतलेले त्या रेड हॅटच्या १० मधून जुनी पद्धत काढूनच टाकली. मांडणी नव्या पद्धतीत वळवणारी आज्ञा नेटवर्कमॅनेजरमध्येच आहे, त्यामुळे साध्या सर्व्हरला हे अर्ध्या तासाचं काम. फायरवॉल आयपीटेबल्सवरून एनएफटेबल्सवर गेली आहे. नियम दहा-बारा असतील तर तासाभरात होतं, दोनशे असतील तर दिवस जाईल. डीएचसीपीचं जुनं आयएससीचं सॉफ्टवेअर चालवत असाल, तर आयएससीने त्याची देखभाल २०२२ मध्येच थांबवली. पुढचं काम ‘किआ’वर करून मागा. तेही फुकट आहे.

एक बारीक खर्च अनेकांच्या नजरेतून सुटतो. १ फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉनच्या क्लाउडवर प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला अर्धा सेंट पडतो. वर्षाला साधारण ४४ डॉलर. डॉलर ९० रुपये धरला (पुढचे सगळे हिशेब त्याच दराने) तर एका पत्त्याचे चार हजारांच्या जवळ. चार-पाच जुने पत्ते कुणाच्याही उपयोगाचे नसताना राखून ठेवलेले असतात. एवढे पैसे तर या आठवड्यातच वाचतील.

विकत काय मिळतं आणि कधी घ्यावं

उबुंटू प्रो घेतलं तर पाचाची दहा वर्षं होतात. पाच यंत्रांपर्यंत ते स्वतःसाठी आणि स्वतःच्या मालकीच्या व्यवसायासाठी फुकट आहे. दुकानदार, डॉक्टर, छोटा कारखानदार यांनी ते आजच जोडावं, मुदत संपण्याची वाट बघू नये. कारण नेहमीच्या मुदतीतही उबुंटू बनवणारी कॅनॉनिकल कंपनी सुरक्षेची हमी देते ती ‘मेन’ भांडारातल्या सुमारे २,३०० पॅकेजांची. ‘युनिव्हर्स’मधल्या वीस हजारांवर पॅकेजांना तशी हमी प्रोमध्येच मिळते. सहकारी संस्था किंवा ट्रस्ट हा कुणा एकाच्या मालकीचा व्यवसाय नसतो, त्यामुळे त्यांनी प्रोचं फुकट टोकन (जोडणीचा कोड) कर्मचाऱ्याच्या खासगी खात्यातून जोडून वेळ मारून नेऊ नये. कर्मचारी सोडून गेला की टोकनही गेलं.

पैसे भरून घ्यायचं तर प्रोचा दर सर्व्हरला वर्षाला ५०० डॉलर, डेस्कटॉपला २५ डॉलर असा राहिला आहे. सर्व्हरचे झाले ४५,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी धरून ५३,१००. दर प्रत्यक्ष यंत्रामागे असतो, त्यामुळे एका यंत्रात सहा आभासी सर्व्हर चालवत असाल तर तो परवडतो. एकट्या वेबसाइटसाठी परवडत नाही. रेड हॅटची विकसकांसाठीची फुकट वर्गणी १६ यंत्रांपर्यंत चालते, पण ती व्यक्तीच्या नावावर असते. संस्थेचा कारभार तिच्यावर टेकवू नका.

माझं मत स्पष्ट आहे. वाढीव मुदत विकत घ्यायची ती जास्तीत जास्त एका वर्षासाठी, आणि तेही स्थलांतराची तारीख ठरली असेल तरच. नुसती ढकलाढकल करायला घेतलेली वर्गणी दरवर्षी खिशाला चाट लावते आणि शेवटी स्थलांतराचा खर्च करावाच लागतो.

स्थलांतराचं बिल नेमकं कुठे फुगतं

सेंटओएस ७ वरून अल्मालिनक्स ९ वर जायला ‘एलिव्हेट’ हे फुकट साधन आहे, पण संस्थेच्या सर्व्हरसाठी मी शेजारी नवं यंत्र उभारून माहिती तिकडे हलवण्याच्या बाजूचा आहे. जुनं तसंच राहतं, फसलं तर परत फिरता येतं. एका साध्या सर्व्हरला दोन ते तीन दिवसांचं काम धरा. बिल फुगतं ते पुढे : सेंटओएस ७ सोबत पीएचपी ५.४ आणि मारियाडीबी ५.५ येत असे, ९ व्या आवृत्तीत पीएचपी ८.० आणि मारियाडीबी १०.५ आहे. दहा वर्षांपूर्वी कुणी लिहून दिलेलं सभासद-नोंदणीचं किंवा फी-वसुलीचं सॉफ्टवेअर या उडीत मोडतं. ते दुरुस्त करणाऱ्याचं कोटेशन वेगळं आणि आधी घ्या.

जुनं यंत्र तेच ठेवायचं असेल तर प्रोसेसर तपासा. रेड हॅटच्या १० व्या आवृत्तीला इंटेलच्या २०१३ च्या हॅसवेल पिढीपासूनच्या सूचना लागतात. त्याआधीच्या सर्व्हरवर ती चालणारच नाही. अल्मालिनक्सने १० ची जुन्या प्रोसेसरसाठी वेगळी बांधणी दिली आहे. ‘नवं मशीन घ्यावंच लागेल’ असं सांगणाऱ्याला हे ठाऊक आहे का, ते पाहा.

आधी तालीम करायला काय पडतं? डिजिटलओशनवर ४ जीबी मेमरीचं यंत्र महिन्याला २४ डॉलर, म्हणजे तासाला साडेतीन सेंटच्या आसपास. सर्व्हरची नक्कल आठ तास चालवून अपडेट करून बघायला जीएसटीसह तीस-एकतीस रुपये. ४० जीबीचा स्नॅपशॉट महिनाभर ठेवायला अडीचशेच्या आसपास. तेव्हा ‘चाचणीची सोय नव्हती’ ही सबब ऐकून घेऊ नका.

एका वर्षाचा हिशेब

समजा, संस्थेचे दोन सर्व्हर आहेत आणि तंत्रज्ञाचा दर तासाला १,००० रुपये आहे. तुमच्या गावचा दर इथे घालून घ्या. दर महिन्याला प्रत्येकी एक तास, रीस्टार्टसह : वर्षाचे २४,०००. वर्षातून दोनदा बॅकअप खरोखर परत उतरवून बघणं, दर वेळी तीन तास : ६,०००. सर्टिफिकेटचं नूतनीकरण एकदाच आपोआप करून ठेवणं, दोन तास : २,०००. झाले ३२,०००, जीएसटीसह ३७,७६०. परवाना शून्य.

सर्टिफिकेटची ती दोन हजारांची ओळ कापू नका. वेबसाइटच्या सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस ठरली आहे. हाताने नूतनीकरण करणाऱ्याला दर वेळचे पैसे देत राहिलात, तर वर्षातून एकदा येणारं बिल आठ वेळा येईल. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट आहे, पण मुदत संपत आल्याचं ई-मेल पाठवणं त्यांनी जून २०२५ मध्ये बंद केलं. तेव्हा लक्ष ठेवायची सोय आपली आपणच करायची.

आणि लॉगबद्दल, म्हणजे सर्व्हरवरच्या घडामोडींच्या नोंदींबद्दल. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर-सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी लॉग १८० दिवस जपायचे, ठरावीक प्रकारची सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवून ठेवायची. उबुंटू-डेबियनवर लॉगच्या फाइली मुळात चार आठवडेच ठेवल्या जातात. एका मांडणी-फाइलीत ४ चे २६ केले की १८२ दिवस होतात. थोडी डिस्क जास्त लागते, बाकी खर्च नाही. हा बदल झाला आहे का, ते उद्याच विचारा.

कोटेशनवर सही करण्याआधी तंत्रज्ञाकडून पाच गोष्टी कागदावर घ्या : कुठली आवृत्ती आहे, तिची मुदत कधी संपते, शेवटचा रीस्टार्ट कधी झाला, बॅकअप शेवटचा कधी परत उतरवून पाहिला, आणि दर महिन्याचे तास किती. या कागदाला पैसे पडत नाहीत. तो मिळाल्याशिवाय चेक फाडू नका.